मुठेच्या काठाने : एक भूगोलपाठ

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत नदीचे वर्णन बहुधा उगम, उपनद्या, धरणे व मुख एवढ्यात आटोपते. ते पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, हे खरे. परंतु नदीकाठी राहणाऱ्या माणसाचे घर पाण्यापासून किती उंचीवर आहे, त्याच्या अंगणापर्यंत पाणी कोणत्या साली आले होते, व पुन्हा येण्याचा संभव किती, हे प्रश्न त्या वर्णनात येत नाहीत. आपण भडगावकर गिरणेच्या डाव्या काठी राहतो. (नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभे राहिले असता जो काठ डाव्या हाताला येतो तो डावा, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे, पुढे वारंवार उपयोगी पडेल.) तरीही ‘‘गिरणेला मोठा पूर आला तर पाणी गावात कोठवर चढेल?’’ असे विचारले असता बहुतेक जण घोटाळतात. यास्तव हा प्रश्न कसा विचारावा हे शिकण्याकरिता आज आपण एका मोठ्या शहरातील नदीच्या काठाकाठाने मोटारीतून फेरी मारू. शहर पुणे, नदी मुठा. आपल्यांपैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी आप्त शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने तेथे आहेतच. तेव्हा हा पाठ सुटीत प्रत्यक्ष पडताळून पाहता येईल.

फेरीस आरंभ खडकवासल्याच्या धरणापासून करावा. हे दगडी धरण 1879 साली पुरे झाले. त्याच्या वरच्या बाजूस डोंगरात आणखी तीन धरणे आहेत: आंबी नदीवर पानशेत, मोशीवर वरसगाव व खुद्द मुठेवर टेमघर. ह्या तिन्हींचे पाणी शेवटी खडकवासल्यास येते, आणि तेथून जे सोडले जाईल तेवढेच पुण्यास नदी म्हणून दिसते. म्हणजे पुण्यातील मुठा ही पावसाच्या मर्जीवर जितकी चालते तितकीच दरवाजांच्या मर्जीवर. आठ महिने दरवाजे बंद असतात, आणि पात्रात वाहते ते बहुतांशी शहराचे सांडपाणी. मुळा-मुठेचे हे प्रदूषण कमी करण्यासाठी जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने, जिला आपण ‘जायका’ म्हणतो, 2016 साली मोठे कर्ज देण्याचा करार केला. जपानचा उल्लेख येथे सहज आला असला तरी तो आपल्या फेरीत पुन्हा येणार आहे.

सिंहगड रस्त्याने शहराकडे येताना नदी आपल्या डाव्या हातास राहते. आपण उजव्या काठाने जात असतो. विठ्ठलवाडीच्या परिसरात रस्ता व नदी ह्यांच्या मधल्या पट्ट्यात दाट वस्ती झालेली दिसते. गच्च्यांवर कुंड्या, सज्ज्यांत वाळत घातलेले कपडे, खाली ओळीने लावलेल्या मोटारी. सायंकाळी येथून जाणाऱ्यास हे दृश्य सुखवस्तूच वाटेल. ह्याच पट्ट्यात एकतानगरी नावाची वसाहत आहे. 25 जुलै 2024 रोजी पहाटे तिच्या तळमजल्यांत पाणी शिरले व रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्या दिवशी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याचे प्रमाण दर सेकंदास सुमारे 35 हजार घनफूट होते. हा आकडा विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावा, त्याचे मर्म पुढे उलगडेल.

राजाराम पूल मागे टाकल्यावर उजव्या बाजूस पु. ल. देशपांडे उद्यान लागते. येथे मोटार थांबवून अवश्य उतरावे. ह्या बागेस पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात, आणि तिची आखणी जपानातील ओकायामा शहराच्या कोराकुएन नामक बागेच्या धर्तीवर केली आहे. कालव्याचे पाणी आत खेळविले असून, वळणे घेणारा ओहोळ, छोटे पूल, कापून गोल केलेली झुडुपे व मधूनच दिसणारी हिरवळीची टेकडी अशी तिची रचना आहे. येणारे लोक छायाचित्रे काढून जातात. परंतु मूळची बाग ज्या शहरात आहे त्याची नदी-कथा ठाऊक असल्यास ह्या पुण्याच्या बागेत दुप्पट मौज वाटेल. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

ओकायामा हे सुमारे सात लक्ष वस्तीचे शहर असाही नदीच्या काठी वसले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सरदार उकिता हिदेइए ह्याने किल्ला बांधला, तेव्हा नदीचाच खंदक व्हावा म्हणून तिचा प्रवाह वळवून किल्ल्याच्या अंगाशी आणला. शत्रूपासून संरक्षण झाले, पण नदीला जे वळण तिने स्वतः घेतले नव्हते ते तिच्यावर लादल्यामुळे पूर वारंवार शहरात घुसू लागला. 1654 सालच्या पुराने तर मोठाच अनर्थ केला. तेव्हा पुढील घराण्याच्या, म्हणजे इकेदा घराण्याच्या, चाकरीतील त्सुदा नागातादा ह्या कर्तबगार कारभाऱ्याने एक निराळाच उपाय अमलात आणला. शहराच्या वरच्या अंगास नदीचा काठ एका ठिकाणी मुद्दाम बुटका ठेवून, पाणी ठराविक उंचीवर चढले की ते तेथून ओसंडावे व शहराला वळसा घालून समुद्राकडे जावे, असा सुमारे 13 किलोमीटर लांबीचा जोडमार्ग त्याने तयार केला. ओसंडण्याच्या बांधाची रुंदी शंभर ‘केन’, म्हणजे आपल्या मापाने सुमारे 180 मीटर, असल्यामुळे त्यास ‘ह्याक्केन’ नदी, अर्थात शंभर केनांची नदी, असे नाव पडले. एरवी ह्या जोडमार्गाच्या तळाशी भातशेती होत असे. पूर आला की शेत पाण्याचे. म्हणजे ती जमीन रिकामी टाकलेली नव्हती, आणि पाण्यापासून हिरावूनही घेतलेली नव्हती.

आणि कौतुकाची गोष्ट ही की, धनी इकेदा त्सुनामासा ह्याच्या आज्ञेवरून कोराकुएन बाग उभारणारा कारभारी हाच त्सुदा नागातादा होय. 1700 साली ती बाग पुरी झाली. पाण्याला वाट करून देणारा हात व पाण्याशेजारी सौंदर्य निर्माण करणारा हात एकच होता. तरी निसर्गाने त्या बागेसही सोडले नाही: 1934 च्या पुरात तिची मोठी हानी झाली व 1945 साली बाँबवर्षावात ती जळाली. जुनी चित्रे व आराखडे जपून ठेवलेले होते म्हणूनच ती पूर्ववत उभी करता आली. अलीकडची एक घटनाही सांगितली पाहिजे. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत ओकायामाच्याच प्रांतातील कुराशिकी शहराचा माबी हा भाग बुडून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. मोठी नदी तुडुंब भरल्यामुळे तिला मिळणाऱ्या लहान नदीचे पाणी पुढे सरकेना. ते मागे फुगले व त्याने बांध फोडले. हा भाग बुडू शकेल असे दाखविणारा नकाशा नगरपालिकेने आधीच प्रसिद्ध केला होता, आणि पाणी जवळजवळ त्या नकाशाबरहुकूमच पसरले. जपानसारख्या दक्ष देशातही नकाशा छापणे व तो घराघरांत वाचला जाणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरल्या.

पुण्यातही असे नकाशे आहेत. नदीच्या दोहो बाजूंस पाटबंधारे खात्याने दोन रेषा ठरविल्या आहेत. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची मर्यादा ती निळी रेषा, व शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल त्याची मर्यादा ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये, व निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध पाळूनच करावे, असा नियम. पुण्याच्या मुठेसाठी निळी रेषा 60 हजार घनफुटांच्या, व लाल रेषा एक लाख घनफुटांच्या विसर्गावर काढलेली आहे. आता मघाचा आकडा काढून पाहा. एकतानगरीत पाणी शिरले ते 35 हजारांवर. म्हणजे कागदावरील निळ्या रेषेच्या हिशेबातील पाणी आलेही नव्हते, तोच घरे बुडाली. ह्याचा अर्थ एकच संभवतो: पात्र कागदावर आहे तेवढे जमिनीवर राहिलेले नाही. राडारोडा व भराव टाकून काठ पुढे सरकला, नदी अरुंद झाली, आणि अरुंद भांड्यात तेवढेच पाणी अधिक उंच चढते. पेल्यातील पाणी नळीत ओतून पाहणाऱ्या पाचवीच्या मुलासही हे कळते.

उद्यानातून निघून म्हात्रे पुलाकडे आलो की फेरीचा रमणीय भाग सुरू होतो. येथून पुढे नदीच्या पात्रातूनच काढलेला एक रस्ता आहे. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस उंच काठावर नारायण व शनिवार पेठांची घरे, डोक्यावरून एकामागून एक जाणारे पूल. सायंकाळच्या उन्हात ओंकारेश्वराचे शिखर उजळलेले असते, आणि पात्रातील खांबांवरून मेट्रो गाडी सरकत जाते. डाव्या काठास एरंडवणे व डेक्कन जिमखाना. डेक्कन जिमखाना ही संस्था 1906 सालची. तिच्या आसपास पुढे बंगल्यांची वसाहत झाली. तत्पूर्वी हा काठ भांबुर्डे गावच्या शिवाराचा होता, आणि खरे पुणे उजव्या काठावर, कसब्याभोवती होते. दोन्ही काठ जोडणाऱ्या लकडी पुलाचा जन्म 1761 सालचा, पानपतच्या दुःखद वर्षातला. आज तो दगडी आहे व त्यास संभाजी पूल हे नाव दिले आहे, पण लोकांच्या तोंडी लाकूड अद्याप टिकून आहे.

हा पात्रातला रस्ता माझ्या मते पुण्यातील सर्वांत सुंदर व सर्वांत बोलका रस्ता होय. तो वर्षातून कित्येकदा बंद होतो. धरणातून पाणी सोडले की पोलीस अडथळे लावतात व बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. भिडे पूल बुडाला ही पुण्यात पाऊस चांगला झाल्याची खूणच मानतात, आणि ते पाहण्यासाठी वरच्या पुलांवर गर्दी जमते. परंतु ज्या दिवशी एकतानगरी बुडाली त्याच पहाटे ह्या परिसरात, पुलाच्या वाडीत, अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून हलविताना विजेचा धक्का लागून तिघे जण मरण पावले. गाडी हेच त्यांचे पोट होते; ती सोडून पळावे हे सांगणे सोपे आहे.

आता 1961 सालाची गोष्ट. ओंकारेश्वराजवळ उभे राहून ती सांगावी हे बरे, कारण पाणी येथून गेले होते. पानशेतचे मातीचे धरण त्या पावसाळ्यात नुकतेच उभे राहत होते. ठरल्या मुदतीच्या आधीच त्यात पाणी साठविण्याची घाई झाली. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याकरिता जी कमानीची मोरी बांधली होती तिच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नव्हत्या, आणि दरवाजांचे कामही पुरे झालेले नव्हते. अपुऱ्या दरवाजांमधून उसळत्या पाण्याचे हादरे बसून मोरी खिळखिळी झाली व तिच्यावरील मातीचा भराव खचू लागला. 11 जुलैच्या रात्रभर लष्कराचे जवान वाळूची पोती रचून तो सावरीत होते. 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यास आला आणि ब्याऐंशी वर्षे उभे असलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. दिवस बुधवारचा, लोक कामाधंद्यास निघालेले. पाणी लकडी पुलावरून गेले. डेक्कन जिमखाना, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार ह्या पेठांतील सखल भाग बुडाले. मातीविटांचे जुने वाडे भिजून बसले. नदीकाठच्या काही जुन्या इमारतींवर त्या दिवशीच्या पाण्याची खूण जपलेली आहे. ती आपल्या डोक्यावर किती हात वर आहे हे पाहून मान आपोआप मागे जाते.

पुराचे पाणी ओसरले तेव्हा शहरात पिण्याचे पाणी नव्हते, कारण नळांचा उगमच फुटला होता. अशा वेळी पेशवाईत कात्रजहून नळाने आणलेल्या पाण्याचे हौद व वाड्यांतील आडविहिरी पुन्हा उपयोगास आल्या. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगरादी ठिकाणी अर्धगोल छपरांच्या तात्पुरत्या निवासांची रांग उभी राहिली. लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती ह्याच स्थलांतरातून वाढल्या. पुण्याचा आजचा नकाशा म्हणजे काही अंशी त्या एका दिवसाने काढलेला नकाशा आहे. पुढे न्यायमूर्ती बावडेकर व त्यांच्यानंतर न्यायमूर्ती नाईक ह्यांच्याकडे चौकशीचे काम आले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण माझ्या मते ह्या पाठाचे मर्म तीच आहे. धरण झाले की नदीचे लहान पूर थांबतात. दरसाल अंगणापर्यंत येणारे पाणी येईनासे होते. दहा-पंधरा वर्षे अशी गेली की नव्या पिढीस नदीचे पात्र म्हणजे ओसाड जमीन वाटू लागते. तिच्यावर प्रथम गोठा, मग झोपडी, मग भराव, मग इमारत उभी राहते. मोठा पूर मात्र थांबलेला नसतो. धरण भरलेले असताना डोंगरात अतिवृष्टी झाली की दरवाजे उघडावेच लागतात, आणि तेव्हा पाणी ज्या वाटेने जाऊ पाहते ती वाट मधल्या काळात भरून गेलेली असते. म्हणजे धरणाने दिलेली निर्भयता हीच पुढील संकटाची एक पायरी होऊन बसते. धरणे बांधू नयेत असे मला म्हणावयाचे नाही. धरणाखाली राहणाऱ्याने धरण नसल्यासारखी जागा सोडावी, एवढेच. त्सुदा नागातादाने नेमके हेच केले होते.

पुढील फेरी भरभर उरकू. ओंकारेश्वराच्या आवारात वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पाची समाधी आहे. मग 1923 चा शिवाजी पूल, ज्यास शंभर वर्षे लोटली तरी पुणेकर ‘नवा पूल’च म्हणतात, व कुंभारवेस. नंतर संगम: येथे मुठा मुळेस मिळते. ह्याच जागी इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. खडकीच्या लढाईच्या दिवशी, 5 नोव्हेंबर 1817 रोजी, तो पेशव्यांच्या सैन्याने जाळला. संगमाजवळील पाटील इस्टेट व पुढे ताडीवाला रस्त्याची वस्ती हे कष्टकऱ्यांच्या घरांचे दाट भाग. मुळा फुगली की मुठेचे पाणी येथे तुंबते, आणि माबीची आठवण यावी अशी स्थिती होते. त्यापुढे बंडगार्डन. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या देणगीतून बांधलेल्या बंधाऱ्यावरून ह्या बागेस नाव पडले. तिच्याजवळचा दगडी पूल 1869 चा. उजव्या काठास कोरेगाव पार्कचे वडांच्या सावलीतले रस्ते, डाव्या काठाकडे येरवडा व 1892 चा आगाखान महाल, जेथे बंदिवासात 1942 साली महादेवभाई देसाई व 1944 साली कस्तुरबा निवर्तल्या. येथे नदी रुंद व शांत दिसते. महानगरपालिकेने हाती घेतलेल्या नदीकाठ सुधारणेच्या मोठ्या योजनेचे भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झाले, आणि संगम ते बंडगार्डन ह्या भागात ते काम आधी सुरू झाले. काठावर फिरावयास जागा हवीच. पण बांधीव काठामुळे पात्र रुंद राहते की अरुंद होते, हा प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांना विकासाचे वैरी समजणे मला योग्य वाटत नाही. तो प्रश्न शुद्ध गणिताचा आहे.

आता गिरणेकडे येऊ. सप्टेंबर 1872 मध्ये गिरणा व पांझरा ह्या दोन्ही नद्यांना महापूर येऊन धुळे व भडगाव येथे फार मोठी हानी झाली. आपल्या गावची शेकडो घरे त्या पुरात गेली. तेव्हा वर मोठे धरण नव्हते. पुढे 1911 साली चणकापूरचे व 1969 साली नांदगाव तालुक्यात गिरणेचे धरण झाले. हे मोठे धरण पुष्कळ वर्षी भरतच नाही. त्यामुळे आपली नदी बहुतेक काळ कोरडी, व तिचे पात्र ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्यांनी चिरलेले. वाळूच्या उपशाने ते खोल गेले म्हणून पूर येणार नाही, असे काही जण म्हणतात. उपशाने खड्डे पडतात, काठ ढासळतात व विहिरींचे पाणी उतरते. पुराला लागते ती रुंदी, आणि ती उपशाने वाढत नाही.

विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यात पुढील गोष्टी करून पाहाव्यात. पाचोऱ्याच्या रस्त्यावरील गिरणेच्या पुलावर उभे राहून वरच्या अंगाकडे पाहावे व डाव्या काठावरील सर्वांत खालचे घर कोणते ते ओळखावे. त्या घराचे जोते पात्राच्या तळापासून अंदाजे किती हात उंच आहे ते काढावे. घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारावे की त्यांच्या आठवणीत पाणी कोठवर आले होते, त्या साली धरण भरले होते काय, आणि ते घर तेव्हा तेथे होते काय. पूर असताना पात्रात मुळीच उतरू नये. हे सारे पुलावरून व काठावरून करावे. उत्तरे सालवार वहीत लिहून शाळा उघडताच भूगोलाच्या शिक्षकांकडे द्यावीत, म्हणजे त्यांवरून आपल्या गावाच्या नकाशावर एक रेषा काढता येईल.